पुढचं बाक

आईचं अक्षर अल्मायराने दारातूनच ओळखलं. पत्र मात्र विद्यालयाच्या मुख्य बाई मिस थर्लो यांच्या हातात होतं.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा कधीच होऊन गेली होती. आज स्वयंपाकघरात पावाची कणीक मळायची पाळी तिची, म्हणून उशीर झालेला. नखांत अजून पीठ होतं. ती चोरपावलांनी मागच्या बाकावर जाऊन हेप्सीशेजारी बसली.

"तुझं पत्र बाईंकडे कसं?" हेप्सी कुजबुजली.

"माझं नाही. आईनं त्यांनाच लिहिलंय."

"का गं?"

अल्मायरा नखांतलं पीठ कोरू लागली.

या विद्यालयात बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. जिच्या मनात तारणाची, म्हणजे देव आपल्याला स्वर्गात घेईल अशी, आशा जागी झाली ती पुढे, जिच्या नाही ती मागे. मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फ पडायला लागल्यापासून एकेक मुलगी डोळे पुसत पुढे जाऊन बसली होती, आणि मागे आता उरल्या होत्या मूठभर कोरड्या ठणठणीत पोरी. अल्मायराने गुडघे सोलवटेपर्यंत प्रार्थना केली, पण मन जागचं हलेना. नुसतंच उठून पुढे जावं, तर ती देवाचीच फसवणूक. त्याची शिक्षा कायमचा नरक; तो कसा असतो, ते मिस थर्लो दर रविवारी सांगत, आणि काही शिल्लक ठेवत नसत.

पण घरी आई रक्त ओकत होती. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असे: आशा लाभली का गं? पलीकडे भेटशील ना मला? शेवटी अल्मायराने एकदाचं लिहून टाकलं, लाभली. पत्र टपालात पडलं त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अल्मायरा डॉज, उभी राहा."

ती उभी राहिली.

"तुझ्या आई माझे आभार मानताहेत," मिस थर्लो म्हणाल्या. "लिहितात, आता मी सुखानं डोळे मिटेन, पोर मला तिकडे भेटणार." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हांला पत्ताच नाही! मग मागे का बसतेस? लाजतेस?"

पुढच्या बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या.

"की त्यांचा काही गैरसमज झालाय? तसं असेल तर सांग, बाळ. मी आजच्याच टपालानं कळवते. मरणाऱ्या माणसाला खोट्यावर ठेवू नये."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई स्वतः कधी खोटं बोलत नसत आणि दुसऱ्याचं पोटात ठेवत नसत. त्या लिहितील, आणि आई ते वाचेल. कदाचित शेवटचं म्हणून तेवढंच वाचेल.

अल्मायराने बाकाबाहेर पाऊल टाकलं. हेप्सीने तिचा झगा धरला.

"वेडी झालीस का? खोटं असेल तर नको जाऊस. मग वर आई भेटायची नाही तुला, कध्धीच!"

"ठाऊक आहे गं," अल्मायरा म्हणाली आणि तिने झगा सोडवून घेतला.

छप्पर आता कोसळेल, मग कोसळेल, असं तिला वाटत होतं. छप्पर जागेवरच राहिलं. कोपऱ्यातल्या शेगडीत ओलं लाकूड तेवढं चरचरत होतं. ती पहिल्या बाकाच्या कडेला टेकली. शेजारी डॉर्कस व्हिटकोम होती, जिची प्रार्थना ऐकून अख्खी खोली हुंदके देत असे.

"देवाची स्तुती असो," मिस थर्लो म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "गीत घ्या."

सगळ्या गायला लागल्या. अल्मायराने नुसतेच ओठ हलवले. पुस्तक धरलेली तिची बोटं गार पडली होती. इतक्यात गीताच्या पुस्तकाआडून डॉर्कसने तिचा हात धरला. डॉर्कसचाही हात बर्फासारखा गार होता.

"होते सवय," ती समोर बघतच पुटपुटली. "तू आईसाठी आलीस ना? मी बाबांसाठी."

आणि पुढचं कडवं तिने सगळ्यांहून मोठ्या आवाजात उचललं.