ताईची सेटिंग्ज

नवा लॅपटॉप हातात आल्यावर ताईनं पहिल्यांदा सेटिंग्जची फाइल उतरवून घेतली. ती आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या, दोघांची मिळून छोटीशी कंपनी होती. लोकांचे सर्व्हर सांभाळायचे. टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, टाइप करायच्या लांबलचक आज्ञांचे तिनं दोन-दोन अक्षरी शॉर्टकट करून ठेवले होते आणि ती फाइल दोघांत एकच होती. एकानं बदल केला की दुसऱ्याच्या मशीनवर आपोआप पोचायचा. फाइली वेगळ्या झाल्या की चुलीही वेगळ्या होतात, असं ती म्हणायची.

फाइलीच्या तळाशी एक नवा शॉर्टकट होता. बारक्यानं आदल्या दुपारी घातलेला. तो कुठल्या सर्व्हरवर नेतो ते तिनं वाचलं, मग पुन्हा वाचलं. समोरच्या कंपनीचा सर्व्हर. इतकी वर्षं जपलेलं इस्पितळाचं काम गेल्याच आठवड्यात ज्यांनी पळवलं, ते हेच लोक. त्या दिवशी बहीणभावांनी मिळून त्यांना पोटभर शिव्या घातल्या होत्या. बारक्यानं चार जास्तच.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि तिला मेलं आधी हसूच आलं. काही नवं केलंस की लगेच सगळीकडे पाठव, ही सवय तिनंच त्याला लावली होती. तिथं बसूनही पठ्ठ्या ती विसरला नाही.

तो आला तेव्हा तिनं लॅपटॉप नुसता त्याच्याकडे वळवला. त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. महिनाभर दुपारचा तिकडे जातोय म्हणाला. इस्पितळ घेऊन ये, मग कायमचं घेतो, अशी त्यांची अट होती. त्यालाही संसार होता. ताई समजून घेईल असं त्याला वाटलं होतं.

"आणि माझी फाइल तिकडे कशाला नेलीस?" तिनं विचारलं.

बारक्या खाली बघत म्हणाला, "तिच्याशिवाय बोटंच चालत नाहीत गं, ताई."

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आता आलं. केसानं गळा कापणारा हाच, आणि लाडानं ताई म्हणणाराही हाच.

तो गेल्यावर फाइलीवरची त्याची परवानगी काढून टाकायला तिनं हात पुढे केला. पण बोट धरून शिकवलेलं पोर ते, हात धजेना. तिनं फाइलीत सगळ्यात वर एक ओळ घातली. टर्मिनल उघडलं की आधी तीच दिसणार: 'हे सगळं ताईनं शिकवलं.' आणि दिली पाठवून.

सकाळी तिनं टर्मिनल उघडलं तर ओळ दिसेना. बदल बारक्याकडून आला होता. तेवढी एक ओळ त्यानं पुसली होती. शॉर्टकट मात्र एकूण एक ठेवले होते.