रिकामी नसलेली खुर्ची

"ऊठ गं. ती खुर्ची रिकामी नाही," तिल्का खेकसली.

"चुकलं बाई," दिलमाया मोडक्यातोडक्या स्लोव्हेनियन भाषेत म्हणाली आणि सुपाचा वाडगा घेऊन झटकन उठली. स्लोव्हेनियातल्या या बूट-कारखान्यात सकाळी दहाच्या जेवणाला ज्याची त्याची जागा ठरलेली. तिल्काशेजारची जागा तिच्या लेकीची, नेझाची. नेझा सीमेपलीकडे ऑस्ट्रियात कामाला गेली, त्याला दुसरा हिवाळा लागला. तरी तिच्या खुर्चीवर तिल्काची पर्स बसायची. आज पर्स नेमकी मशीनपाशी राहिली होती.

गावातली निम्मी पोरं अशीच जास्त पगारासाठी पलीकडे गेली. जर्मनीच्या ऑर्डरी मात्र थांबेनात. शिवायला हातच नाहीत म्हटल्यावर मालकाने नेपाळहून बायका आणल्या आणि नेझाच्या मशीनवर ही दिलमाया बसवली.

मशीन गेलं ते गेलं. पण काल मुकादम बोयानने दिलमायाने शिवलेला बूट सगळ्यांसमोर उंच धरला. "बघा टाका! नेझाची आठवण झाली." तिल्काला ते झोंबलं. नेझाला तो टाका तिने हात धरून शिकवला होता. आता कुणाला नेझाची गरजच उरली नाही की काय?

"बसू दे की तिला," बोयान म्हणाला. "तिने काय घोडं मारलंय तुझं?"

"एवढा पुळका आलाय तर तुझ्या मांडीवर बसव!"

बायका फिदीफिदी हसल्या. दिलमाया खिडकीशी जाऊन उभ्यानेच सूप पिऊ लागली.

इतक्यात नेझाचा फोन आला. साऱ्यांना ऐकू जावं म्हणून तिल्काने मुद्दाम स्पीकर लावला.

"जेवलीस का गं बाळा?"

"जेवतेय की. उभ्याउभ्याच."

"उभ्याने? का गं?"

"अगं, इथेही जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी एकीच्या खुर्चीवर बसले, तर केवढी ओरडली बया! तेव्हापासून खिडकीपाशीच खाते. झाली आता सवय."

तिल्काने काहीतरी बोलून फोन ठेवला. तिला कुणाकडे बघवेना. तिने पायानेच शेजारची खुर्ची मागे सारली.

"ये, बस इथे," ती दिलमायाला म्हणाली. "टाका काही नेझासारखा नाही हं तुझा, सांगून ठेवते. पण उभ्याने खाल्लेलं पोरीच्या अंगी लागत नाही."