पाण्याचा डाग

“बाई, पुसता येत नाही का तुम्हाला?” काळ्या गाडीवाल्याने बॉनेटवर बोट ठेवलं. “हे बघा. खडूचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसतंय.”

मावशीने वाकून पाहिलं. डाग होते. पांढरे, गोल, बॉनेटभर. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. ऊन एवढं की फडकं फिरायच्या आधीच पाणी सुकलं होतं.

गाड्या धुण्याच्या या सेंटरवर मावशी सगळ्यात जुनी पुसणारी. तिच्या जोडीला आणखी तिघी, त्यातली एक तिचीच सून. सुट्टीचा दिवस होता आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती.

काचेच्या केबिनमधून मालक धावत आला. “सॉरी सर, सॉरी. मावशी, सरांची माफी मागा आणि गाडी पुन्हा पुसून द्या.”

मावशीने फडकं पिळलं आणि बादलीच्या कडेवर टाकलं.

“पुसून देते. माफी नाही मागणार.”

“म्हणजे?”

“डाग पाण्याचा आहे. हाताचा नाही.”

“आई, जाऊ द्या ना,” सून मागून कुजबुजली. घर दोघींच्या याच कामावर चालत होतं.

गाडीवाल्याने वर पाहिलं. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : प्रत्येक गाडीला शेवटची धार शुद्ध पाण्याची. डाग पडणार नाही.

“मग हे काय आहे?” त्याने मालकाला विचारलं.

“सर, पाणी शुद्ध करायच्या मशीनचंच आहे, तुमची गाडी जरा...”

“मशीनचं नाही,” मावशी म्हणाली. “पहिल्या वीस गाड्यांना मशीनचं मिळालं. तुमची सत्ताविसावी. या, दाखवते.”

ती शेडमागे गेली. गाडीवाला गेला, त्याच्या मागे रांगेतले आणखी दोघं गेले, आणि मग मालकालाही जावं लागलं. मावशीने मशीनशेजारच्या शुद्ध पाण्याच्या टाकीवर मूठ आपटली. खालपासून वरपर्यंत टाकी ढोलासारखी वाजली.

“गर्दीच्या दिवशी ही अकरालाच संपते. मग बोअरचं पाणी सोडतात, क्षारांचं. ते सुकायच्या आत आम्ही चौघी फडकी घेऊन धावतो. ढग असले तर निभतं. आज नाही निभलं.”

मालक हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. “मावशींना यातलं काय कळतं, सर! नवीन मशीन आणायचं म्हणजे काय खायचं काम आहे?”

“मशीन नकोच आहे. आहे ते दमलेलं नाही. सकाळी कुलूप उघडायच्या आधी मी येते, तेव्हा ते गप्प बसलेलं असतं. टाकी भरली की बंद होतं. बिचारं रात्रभर चालेल, पण पाणी ठेवायला जागा कुठेय? शेजारी दुसरी टाकी जोडा. झालं.”

रांगेतला एक जण खुदकन हसला. गाडीवाल्याने एकदा टाकीकडे, एकदा मालकाकडे पाहिलं. “बरोबर बोलतायत त्या,” एवढंच म्हणाला.

मावशीने त्याची गाडी पुन्हा पुसली. घाई केली नाही. बॉनेट आरशासारखं झालं तेव्हाच हात काढला.

तो गेल्यावर मालक तिच्यापाशी आला. आवाज दाबून बोलला, पण शब्द आवळलेल्या दातांतून येत होते.

“काय करून बसलात कळतंय का? दुसरी टाकी आली की गाडी आपोआप वाळणार, डाग नाही, काही नाही. मग बाहेरून पुसायचंय काय? आतून झाडायला दोघी पुरतात. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात.”

“कळतंय मला.”

“आणि तरी?”

“काम नसेल त्या दिवशी तोंडावर सांगा, जाऊ. पण पाणी तुमचं वाईट आणि नाव आमच्या हातांना, हे आता ऐकून घेणार नाही.”

“मलापण माफी मागायला सांगू नका,” सून म्हणाली. मावशीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“महिनाअखेरीला बघू, कोण राहतं ते,” मालक म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

गिऱ्हाइकांनी सगळं ऐकलं होतं, त्यामुळे मालकाला टाकी मागवावीच लागली. ती तिसऱ्या दिवशी आली. काळी, माणसापेक्षा उंच. जोडणाऱ्या मिस्त्रीने आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि मागच्या भिंतीलगत थांबला. आवारात सावली तेवढीच. तिथल्या बाकावर चौघी दुपारी डबे खायच्या.

“दुसरीकडे जागा नाही,” मिस्त्री म्हणाला. मालक मावशीकडे बघत राहिला. ती आता काहीतरी बोलेल याची वाट पाहत असावा.

मावशीने बाकाचं एक टोक उचललं. सुनेने दुसरं. बाक उन्हात गेला.

“ठेवा इथे,” मावशी मिस्त्रीला म्हणाली. “सावलीत पाणी तापणार नाही.”

दुपारी मशीन चालू झालं. नव्या टाकीच्या तळाशी पाणी पडू लागलं. चौघींनी डबे घेतले आणि इकडेतिकडे पाहिलं. बाकाला हात लावला तर चटका बसत होता.

केबिनसमोरच्या छताखाली गिऱ्हाइकांसाठी गादीच्या चार खुर्च्या होत्या. मावशी चालत गेली आणि पहिल्या खुर्चीत बसली.

“बसा गं.”

एकमेकींकडे बघत तिघीही उरलेल्या खुर्च्यांत बसल्या. काचेमागे मालक उठून उभा राहिला. मावशीने डबा मांडीवर घेऊन झाकण उघडलं.

“पंखा लाव,” ती सुनेला म्हणाली. “मोठा कर.”