शेजारची खोली

दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते, असं मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. त्याने जवळच्या शाळेचा पत्ता सांगितला, पण माझ्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की माझ्या मस्तकात तिडीकच गेली. पुढे शाळेचा वॉचमन त्याला म्हणाला, "बायकोकडे बघून तरी सोडा हो!" नवरा बिचारा मान खाली घालून जिना चढला. वर वर्गाच्या दारात एका काकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला आत ओढलं आणि मला सांगितलं, "वहिनी, घरच्यांनी शेजारच्या खोलीत बसायचं."

तेव्हा मात्र मी ओरडलेच.


"सोडा त्याला! शेजारच्या खोलीत तो बसेल. पिते मी!"