चिन्नोरचा वास

“जासूसाचा आवाज तुमचाच पाहिजे, आबाजी,” असं आचल म्हणाली आणि सुखराम पाटलांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. द्यायचा होता नुसता आवाज, तरी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, वर टोपीही चढवली. नागपूरला ॲनिमेशन शिकणारी नात दिवाळीला घरी आली होती. गावातल्या त्या प्रसिद्ध चोरीची तिने जपानी पद्धतीची ॲनिमे फिल्म केली होती, आणि परवा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटकाआधी ती सगळ्या गावाला दाखवायची होती. सुखराम पोलीस पाटील होते तेव्हाची ही चोरी. चुन्नीलालच्या घरून घमघमणाऱ्या चिन्नोर तांदळाचा कट्टा, भरलेलं पोतं, गेला आणि पाटलांनी नुसत्या वासावरून चोर धरला. तीस वर्षं गाव ही गोष्ट सांगत होतं. गाव कंटाळलं की पाटील स्वतः सांगत.

मधल्या खोलीत पंखा बंद करून खिडकीला वाकळ टांगली होती. उलट्या पायलीवर मोबाइल, शेजारी लॅपटॉप. पाटील आत शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. भिंतीला टेकून, हातात चहाचा कप घेऊन नंदाबाई बसली होती. शाळेत खिचडी शिजवणारी नंदाबाई म्हणजे उदारामची पोरगी, आणि उदाराम म्हणजेच तो चोर. उदाराम जाऊन चार वर्षं झाली, पण त्याच्या घरावरून पाटील अजूनही जात नसत. देवळात जायला वळसा पडला तरी चालेल.

“हे काऊन आली?” त्यांनी हळूच विचारलं.

“चोराच्या बायकोचा आवाज नंदामावशीनं दिला,” आचल म्हणाली. “अन् अर्धी गोष्टबी तिचीच. मी चोराच्या बाजूनं काढली ना, आबाजी. जपानात आता असंच करून राहिले. जासूसी गोष्ट जुनीच, पण सांगते व्हिलन.”

तिने बटण दाबलं. कापणी झालेल्या चिन्नोरच्या बांधीत मोठ्या डोळ्यांची एक पोर आणि तिची माय वाकून चालत होत्या. धान उचलल्यावर खाली पडून राहिलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, त्या वेचत होत्या. सरवा वेचायला गावात कुणाची मनाई नसते. एकेक लोंब पदरात. असे सात दिवस. मग उखळ, मग चूल, मग भाताच्या गंजातून निघालेली पिवळी वाफ. ती वाफ दारातून बाहेर पडली, गल्लीत गेली. पोर गंजात डोकावून हसली आणि तेवढ्यात दारात बूट आले. काळे, करकरीत. पाटलांनी ते लगेच ओळखले. तिरोड्याहून आणले होते.

“सरव्याचा हाय जी, सरव्याचा हाय,” लॅपटॉपमधून नंदाबाईचा आवाज आला. बूट वळले नाहीत.

पाटलांनी हसायचा प्रयत्न केला. “अन् माझं तोंड कुठं हाय?”

“बापानं मान वर केलीच नाही,” भिंतीपासून नंदाबाई म्हणाली. “त्याले बूटच दिसले.”

पडद्यावर उदाराम भाताचा गंज डोक्यावर घेऊन चावडीकडे चालला होता. मागे बूट, त्यांच्यामागे गाव. आचलने चित्र थांबवलं आणि मोबाइल पुढे सरकवला.

“बोला, आबाजी. तुमचं ते नेहमीचं.”

ज्या घरी पेज शिजते, त्या घरी चिन्नोरचा वास कसा? हजार वेळा म्हटलेलं वाक्य. पहिल्यांदा पाटलांना ठसका लागला. दुसऱ्यांदा ‘पेज’पाशीच आवाज बसला. आचलने पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

कारण उदारामला धरल्यावर आठव्या दिवशी चुन्नीलाल त्यांच्या कानाशी लागला होता. घरवालीनेच कट्टा लपवून माहेरी धाडला, घरची गोष्ट घरातच राहू द्या, म्हणाला. पाटलांनी मूग गिळले. ते काही चुन्नीलालच्या इज्जतीसाठी नव्हे. त्याच आठवड्यात तहसीलदारांनी चारचौघांत त्यांच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ती थाप त्यांना सोडवली नाही. बस, एवढंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. या घरात ते तीस वर्षं पडलेलं होतं.

आता त्यांना इतकी लाज वाटली की नातीकडे बघवेना. धरणीने पोटात घ्यावं, पण धरणीही अशा वेळी ऐकत नाही. वाक्य म्हणावं, तर उदारामच्या पोरीसमोर त्याच्या डोक्यावर पुन्हा गंज चढवल्यासारखं. न म्हणावं, तर आचल विचारणार, काऊन?

पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कट्टा सापडला होता,” ते मोबाइलकडे बघत म्हणाले. “आठव्याच दिवशी. मले मालूम होतं.”

आचलने त्यांच्याकडे बघितलं. रेकॉर्डिंग बंद करायचं तिला सुचलं नाही. नंदाबाईने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“आमालेबी मालूम होतं,” ती म्हणाली. “चुन्नीलालच्या बायकोनंच माझ्या मायले तळ्यावर सांगतलं. रडून राहिली होती ते.”

“मंग उदाराम बोलला काऊन नाही?” पाटलांनी विचारलं.

“पाटलानंच येऊन सांगावं, म्हने.” नंदाबाई उठली, पदर सारखा केला. “दरसाल आमच्या घरी सरव्याच्या चिन्नोरचा भात होये. त्या दिवशी बाप दार लावू देत नव्हता. म्हने, राहू दे उघडं. वास पोचला का पाटील येते.”