आईच्या खोलीतला पाहुणा

दोन हजार चौदा साली शहरात जागतिक नाट्यमहोत्सव भरला आणि लोकांची डोकी फिरली. हॉटेलं भरली, तशा गल्लीबोळातल्या खोल्याही सोन्याच्या भावाने जाऊ लागल्या. शेजारच्या घरमालकाने तर शिंप्याला मशीनसकट रस्त्यावर काढलं. पूर्वी पाहुणा आला की त्याला गादी मिळे, घरचे सतरंजीवर झोपत. घराबाहेर कुणाला काढत नसत.

"आई, तुझी खोली पंधरा दिवस हवीय," मुलगा म्हणाला.

"आणि मी कुठे जाऊ? माळ्यावर?"

"मावशींकडे जा ना. तुम्हालाही तेवढाच बदल," सून म्हणाली.

"माझ्या पलंगावर परका लोळणार आणि बदल मला?" आईचा आवाज चिरकला. "घरपट्टी अजून माझ्या नावाने येते, विसरलात?"

"येते, पण भरतो कोण?" मुलगा हसला. "आता तमाशा नको. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! याच खोलीत रांगलास तू, मेल्या."

मग दोन दिवस ती मावशीकडे खेपा घालत राहिली. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून उभी राहिली.

"पाहुणा मात्र मी सांगेन तो ठेवा. मावशीच्या ओळखीतला आहे. सभ्य माणूस."

मुलाचा जीव भांड्यात पडला.

पाहुणा आला तो भलताच चौकस. त्याने नळ सोडून पाहिला, भिंतीवर टकटक केलं, गच्चीतून पाणी झिरपतं का ते विचारलं. नाटकाला मात्र एकदाही गेला नाही.

"रसिक काही दिसत नाही," सून कुजबुजली.

"आपल्याला काय करायचंय? घर आवडलंय त्याला. चार लोकांना सांगेल," म्हणत मुलाने त्याला स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत सगळं हौसेने दाखवलं.

याला आता बरीच वर्षं झाली. शिंप्याने पुढच्या चौकात दुकान थाटलं. मावशी गेली. आईने स्वतःपुरती छोटी जागा घेतली. मुलगा-सून भाड्याने राहतात. दर महोत्सवाला त्यांचा मालक पंधरा दिवस जागा रिकामी करून घेतो, तेव्हा बोचकी घेऊन आईच्या दारात येतात. आई सतरंजी देते. पलंग देत नाही.

पाहुणा मात्र अजून त्याच घरात आहे. नाटकं बघायला तो आलाच नव्हता. विकत घेण्याआधी घरात चार दिवस राहून बघ, म्हणून आईनेच त्याला पाठवलं होतं.