अकरावी खुंटी

"अजून वर," उमसुनाय म्हणाली. "इथे तर मेंढ्यांच्या पोटाला पाणी लागलं होतं."

नुरदीन इंजिनिअर निमूटपणे पन्नास पावलं वर गेला आणि त्याने लाल खुंटी ठोकली. सकाळपासूनची ही दहावी. जिर्गालान नदीकाठच्या या सखल जमिनीवर त्याच्या कंपनीला गोल्फचं मैदान करायचं होतं. पूर कुठवर चढतो, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. ते फक्त ऐंशी वर्षांच्या उमसुनायच्या डोक्यात होतं.

पलीकडच्या काठावरच्या तिच्या गावाने तिला मुद्दामच पाठवलं होतं. "काही हातचं राखू नकोस," म्हातारा जेकशेन म्हणाला होता. "नवऱ्याला त्याच्या चुका जशा तारीखवार ऐकवायचीस ना, तसे पूर ऐकव. कंपनीवाले पळून जातील."

तिलाही तसंच वाटत होतं. पाणी जिथे एकदा निजून गेलं, तिथे किरगीझ माणूस तंबू ठोकत नाही. घरातलं म्हातारं माणूस बोटाने जागा दाखवतं आणि विषय संपतो. तिच्या आजीने दाखवली होती, सासऱ्यांनी दाखवली होती. वाद कुणी घातला नव्हता. म्हणून तर या काठावर घर नव्हतं, कुंपण नव्हतं. काटेरी झुडपं होती, रानकोंबडे होते. जूनमध्ये वरचं बर्फ वितळलं की नदी इथे ऐसपैस पसरायची, महिनाभर लोळायची आणि गाळ टाकून उतरून जायची.

ती काठी टेकत पुढे निघाली. थोरला झाला त्या वर्षी या वाळुंजाच्या झाडापर्यंत. सासरे गेले त्या वर्षी या खडकापर्यंत. आणि एका वर्षी तर पार टेकडीच्या पायथ्याशी मासे तडफडत होते.

"टेकडीपर्यंत? नक्की ना, आपा?"

"बादलीभर वेचून नेले मी. तळून नवऱ्याला वाढले. मीठ जास्त झालं म्हणून तो दोन दिवस बोलला नाही. आता सांग, विसरेन मी?"

नुरदीन हसला. अकरावी खुंटी टेकडीच्या पायथ्याशी बसली. उमसुनाय धापा टाकत दगडावर टेकली. खाली सगळी जमीन खुंट्यांच्या आत होती.

"बघ पोरा," ती म्हणाली. "सगळी नदीचीच आहे. तुमच्यासाठी वीतभरही उरत नाही."

"आपा, फार उपकार झाले तुमचे," तो मनापासून म्हणाला. "बांध किती उंच घालायचा, तेच आम्हाला कळत नव्हतं. आता या पायथ्याच्या उंचीचा घालतो, नदीला अगदी लागून. थेंबभर पाणी आत येणार नाही."

तिला आधी नीट कळलंच नाही. मग तिने नदीकडे पाहिलं. पलीकडे तिचं गाव, पाण्यापासून जेमतेम पुरुषभर उंच. सुनेने तंदूर पेटवला असावा. धूर सरळ वर चढत होता.

"मग पाणी जाईल कुठे?"

नुरदीनने गुंडाळलेला नकाशा पुन्हा उलगडला. गुडघ्यावर ठेवून तो बराच वेळ शोधत राहिला. नदीची निळी रेघ अगदी कडेला होती. तिच्यापुढे कागद संपत होता.

"तो काठ यात नाही, आपा."